गणिताच्या सराव पाठांत व्यावसायिक मूल्ये कशी जपावीत : छात्राध्यापकांसाठी मार्गदर्शन

बी.एड. किंवा डी.एल.एड.च्या लेखी परीक्षेत शिक्षकाच्या व्यावसायिक मूल्यांवर प्रश्न आला, की वक्तशीरपणा, निष्ठा, समभाव, प्रामाणिकपणा अशी यादी लिहून गुण मिळवता येतात. हीच मूल्ये पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, समोर चाळीस मुले, मागच्या बाकावर निरीक्षक प्राध्यापक आणि हातात अर्धवट राहिलेले पाठ टाचण अशा स्थितीत सांभाळायची वेळ येते, तेव्हा ती यादी फारशी उपयोगी पडत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात एकूण वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली. त्यामुळे मोजके पाठ घेऊन शाळेचा निरोप घेण्याचे दिवस संपले. छात्राध्यापक आता त्याच वर्गात पुन्हा पुन्हा जातो, मुले त्याला ओळखू लागतात, आणि त्याचे वागणे त्यांच्या लक्षात राहते.

सराव पाठांचे निरीक्षण करताना गेल्या अनेक वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. भाषेच्या किंवा इतिहासाच्या तासाला शिक्षकाची मूल्ये अनेक ठिकाणी दिसतात. गणिताच्या तासाला ती प्रामुख्याने एकाच ठिकाणी उघडी पडतात, ते ठिकाण म्हणजे चुकलेले उत्तर. मुलाचे उत्तर चुकते तेव्हा छात्राध्यापक काय करतो आणि त्याचे स्वतःचे उत्तर चुकते तेव्हा तो काय करतो, एवढे पाहिले तरी त्याच्या वृत्तीचा पुरेसा अंदाज येतो. पुढील सूचना याच मतातून आल्या आहेत.

पाठाच्या आधीची तयारी

गणित शिकवणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे बरोबर गणित शिकवणे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. ज्या घटकावर पाठ घ्यायचा आहे, त्या घटकाच्या सरावसंचातील प्रत्येक उदाहरण छात्राध्यापकाने आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने सोडवावे. मार्गदर्शिकेतील उत्तर पाहून ‘हे येते’ असे समजू नये. शक्य असेल तेथे तेच उदाहरण दुसऱ्या रीतीनेही सोडवून ठेवावे, कारण वर्गातला एखादा मुलगा ते नेमके दुसऱ्या रीतीने सोडवतो, आणि त्या क्षणी त्याची रीत समजून घेण्याइतकी उसंत शिक्षकाजवळ असावी लागते. एका इयत्तेचा पाठ असेल तर मागच्या आणि पुढच्या इयत्तेतील तोच घटक बालभारतीच्या पुस्तकांत वाचून घ्यावा. पाचवीत ‘मोठ्या संख्येतूनच लहान संख्या वजा होते’ असे ठाम सांगून ठेवले, तर पुढे ऋण संख्या शिकवणाऱ्याला ते वाक्य मुलांच्या मनातून काढत बसावे लागते. वेळ वाचवण्यासाठी आज खोटा नियम सांगू नये. ‘आत्ता आपण अशाच वजाबाक्या करणार आहोत’ असे म्हटले तरी काम होते आणि सत्यही राहते.

पाठ टाचणाविषयी थोडक्यात. मागच्या तुकडीची वही उतरवून काढण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे आणि आता तयार टाचणे मोबाईलवर सहज मिळतात. दुसऱ्याचे टाचण वाचून शिकण्यास हरकत नाही. मात्र ‘अपेक्षित चुका’ हा भाग तरी स्वतःच लिहावा, कारण या वर्गातील मुले काय चुकतील हे या वर्गाच्या वह्या पाहिलेल्या माणसालाच कळते. माझ्या मते टाचणातील सर्वांत मोलाचा रकाना तोच आहे, आणि बहुतेक नमुन्यांत तो नसतोच.

चुकलेल्या उत्तरापाशी थांबणे

पाचवीच्या एका वर्गात पाहिलेला प्रसंग सांगतो. फळ्यावर ५२ − २७ ही वजाबाकी होती. पुढे आलेल्या मुलीने ३५ लिहिले. छात्राध्यापिकेने ‘चूक, बस खाली’ असे म्हणून दुसऱ्या मुलाला बोलावले, त्याने २५ लिहिले, टाळ्या वाजल्या आणि पाठ पुढे गेला. निरीक्षण वहीत मी काही लिहिले नाही, मधल्या सुट्टीत त्या छात्राध्यापिकेला एवढेच सुचवले की त्या मुलीला जवळ बोलावून उत्तर कसे काढले ते विचारून पाहा. मुलगी आधी गप्प राहिली. मग म्हणाली, “बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. पाच आले.” तिचे गणित तिच्या परीने पूर्ण सुसंगत होते. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम तिने स्वतः बनवला होता आणि तो काटेकोरपणे पाळला होता. दुसऱ्या दिवशी त्या छात्राध्यापिकेने काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्या हातात दिल्या आणि सात काड्या मागितल्या. मुलीने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि एका गठ्ठ्याचा रबर काढला. दशक सुटा करणे म्हणजे काय, हे तिला त्या रबरातून कळले.

यातून छात्राध्यापकाने पुढील सवय लावून घ्यावी. उत्तर चुकले की लगेच ‘चूक’ म्हणू नये आणि लगेच दुसऱ्याला विचारू नये. ‘हे कसे काढलेस ते सांग बरे’ असे विचारावे, आणि तोच प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारावा. तसे केले नाही, तर तो प्रश्न म्हणजेच ‘तू चुकलास’ ही खूण आहे हे मुलांना दोन दिवसांत कळते. विचारल्यावर थांबावे. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांवर गेला की मुलांची उत्तरे लांबतात व उत्तर देणारी मुलेही वाढतात, असे अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातील संभाषणांच्या अभ्यासातून दाखवले होते. तीन सेकंद कागदावर अल्प वाटतात. निरीक्षक मागे बसलेला असताना ते फार लांब वाटतात, म्हणून मनातल्या मनात तीन अंक मोजावेत.

मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गात आणखी एक गोष्ट जाणून घेणे कर्तव्याचाच भाग आहे. ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ लिहिणारे मूल निष्काळजी असतेच असे नाही; आपल्या संख्यानामात एकक आधी येतो आणि दशक नंतर, तर लिहिताना दशक आधी येतो. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी या नावांत पुढच्या दशकातून एक उणा असतो, आणि तोच नियम लावून नव्व्याण्णव मात्र सापडत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशा रीतीने संख्या वाचण्याची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. जोडाक्षरे असलेली संख्यानामे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांना अडचण येते, ही त्यामागची भूमिका गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मांडली होती. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण जे मूल घरी गोंडी, कोरकू, भिली किंवा हिंदी बोलते, त्याच्या ७४ वर लाल फुली मारण्याआधी छात्राध्यापकाने ही अडचण ओळखली पाहिजे, एवढे नक्की. अशा वेळी ‘सत्तेचाळीसमध्ये चाळीस कुठे ऐकू येतात?’ हा प्रश्न फुलीपेक्षा अधिक काम करतो.

मुलांचा अपमान हा विषय येथेच घेतला पाहिजे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासालाही मनाई केली आहे. छडी आता बहुतेक छात्राध्यापक हाती घेत नाहीत. परंतु ‘एवढे सोपे येत नाही?’, ‘मागच्या बाकावरच्यांना विचारून उपयोग नाही’, ‘मुलींना भूमिती जरा जडच जाते’ ही वाक्ये अजूनही ऐकू येतात, आणि बोलणाऱ्याला आपण काही वावगे बोललो असे वाटतही नाही. गणितात ‘ढ’ ठरलेले मूल तो शिक्का पुढे अनेक वर्षे वागवते. पाढा विसरलेल्या मुलाला वर्गासमोर उभे ठेवण्याऐवजी त्याला येत असलेल्या पाढ्यावरून पुढे न्यावे: सात आठे आठवत नसेल तर सात चोक अठ्ठावीस त्याला येते का, ते पाहावे, आणि अठ्ठावीसची दुप्पट त्याच्याकडूनच काढून घ्यावी.

उदाहरणे निवडतानाही हीच काळजी हवी. सरळव्याजाच्या एका पाठात छात्राध्यापकाने विषयाला जिवंतपणा यावा या चांगल्या हेतूने मुलांना विचारले, “तुमच्यापैकी कोणाच्या घरी कर्ज काढले आहे? किती?” दोन मुलांनी उत्साहाने हात वर केला. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मात्र मान खाली घालून कंपासपेटीचे झाकण उघड-मीट करत राहिला. मुलांच्या परिसरातील उदाहरणे जरूर घ्यावीत, पण घरातील कर्ज, वडिलांची मिळकत, शुल्क भरले की नाही, या गोष्टी वर्गात विचारू नयेत. बचत गटाची ठेव, पतसंस्थेच्या फलकावरील व्याजदर किंवा बाजारातील भाजीचा भाव घेऊनही पाठ तितकाच जिवंत होतो.

स्वतःची चूक आणि ‘मला माहीत नाही’

नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलेला प्रश्न मला विसरता येत नाही. आदल्या आठवड्यात पाय ही अपरिमेय संख्या आहे असे शिकवले होते. आज वर्तुळाचा परीघ काढताना पाय म्हणजे २२/७ घेतले. मुलगा म्हणाला, “सर, २२/७ तर परिमेय आहे ना? मग पाय अपरिमेय कसा?” छात्राध्यापक गोंधळला आणि ‘ते पुढच्या वर्षी शिकाल’ असे म्हणाला. मुलगा खाली बसला. खरे म्हणजे उत्तर दोन ओळींचे होते: २२ ला ७ ने भागले की ३.१४२८५७ असे अंक येऊन ते पुन्हा पुन्हा येत राहतात, पायची किंमत ३.१४१५९ अशी सुरू होते, म्हणजे तिसऱ्याच दशांशस्थळी दोघांची वाट वेगळी होते; आपण सोयीसाठी जवळची किंमत घेतो. परंतु हे उत्तर त्या क्षणी आठवले नाही म्हणून मी त्या छात्राध्यापकाला दोष देत नाही. ‘पुढच्या वर्षी’ या शब्दांनी त्याने एक चांगला प्रश्न मिटवून टाकला, हा दोष मोठा होता.

अशा वेळी काय करावे हे आधीच ठरवून ठेवावे. ‘प्रश्न फार चांगला आहे, मला आत्ता नीट सांगता येत नाही, उद्या तपासून सांगतो’ असे स्पष्ट म्हणावे, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच, मुलांनी आठवण करून देण्याआधी, त्याचे उत्तर द्यावे. यातील दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. उद्याचे आश्वासन पाळले नाही, तर तीही एक पळवाटच ठरते.

फळ्यावर आपलेच चुकले तर घाईघाईने डस्टर फिरवू नये. निरीक्षकाला चूक दिसू नये म्हणून पुसणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ती चूक निरीक्षकाच्या आधी मुलांनी पाहिलेली असते. चुकलेल्या पायरीखाली रेघ ओढून ‘येथे मी चिन्ह बदलायला विसरलो, पाहा’ असे सांगावे आणि खाली नव्याने लिहावे. एखाद्या मुलीने चूक दाखवली तर तिचे आभार मानावेत. पाठाचे गुण यामुळे कमी होतात ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. निदान मी तरी अशा पाठाला अधिक गुण दिले आहेत.

वह्या, गुण आणि गोपनीयता

तपासणीत न्याय पाळायचा तर उत्तरापर्यंतचा मार्ग वाचावा लागतो. एका मुलाने ९८ × ५ या गुणाकारासाठी थेट ४९० लिहिले होते आणि ‘रीत नाही’ म्हणून त्याचे गुण कापले गेले. विचारल्यावर त्याने सांगितले, “शंभर पाचे पाचशे, त्यातून दहा कमी.” तो शनिवारी आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसत असे. त्याला रीत लिहायला शिकवणे आवश्यक होतेच, कारण पुढे परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. परंतु त्याची रीत चुकीची नव्हती, आणि हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगणे शिक्षकाचे काम होते. म्हणून चाचणी देण्याआधीच कोणत्या पायरीला किती गुण ते कागदावर ठरवावे, सर्वांना तोच निकष लावावा, आणि वेगळी पण योग्य रीत आल्यास तिला पूर्ण गुण द्यावेत. पहिले दहा पेपर तपासून झाल्यावर ते पुन्हा एकदा पाहावेत. सुरुवातीला आपण कडक असतो आणि दमल्यावर सैल होतो.

गुण मोठ्याने वाचून दाखवू नयेत, मोबाईलवरील गटात गुणयादी टाकू नये. हजेरीपटात मुलांची जात, जन्मतारीख, पालकांचा व्यवसाय असा तपशील असतो; तो कामापुरता पाहावा आणि शिक्षक-खोलीत त्यावर बोलू नये. पाठाचे छायाचित्र महाविद्यालयाला द्यावे लागत असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, आणि मुलांचे चेहरे स्वतःच्या स्टेटसवर लावू नयेत. पालकांनी शिकवणीसाठी विचारले तर नम्रपणे नकार द्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवणीस मनाई केली आहे, आणि छात्राध्यापकाने या बाबतीत स्वतःला शिक्षकच समजणे योग्य.

विषयशिक्षक, सहाध्यायी आणि निरीक्षण वही

ज्या वर्गात आपण पाठ घेतो तो वर्ग दुसऱ्या कोणाचा तरी आहे. विषयशिक्षक जुन्या पद्धतीने शिकवत असतील, पण चौथ्या ओळीतल्या मुलीला लांबचे दिसत नाही, हे त्यांनाच माहीत असते. मुलांसमोर ‘तुमच्या सरांनी हे चुकीचे सांगितले’ असे म्हणू नये. खरोखर चूक आढळली तर मधल्या सुट्टीत, पुस्तक हातात घेऊन, शंका म्हणून विचारावे. आपल्या तासिकेसाठी त्यांचा अभ्यासक्रम मागे पडत असेल तर त्याचीही जाणीव ठेवावी आणि घटक वेळेत संपवावा.

सहाध्यायाच्या पाठाचे निरीक्षण लिहिताना ‘पाठ छान झाला, फलकलेखन सुवाच्य’ असे शेरे देऊन एकमेकांची सोय पाहिली जाते. त्यात कोणाचेच भले होत नाही. कोणता प्रश्न विचारला, कोणत्या मुलाने काय उत्तर दिले, त्यावर शिक्षक काय म्हणाला, असे तीन-चार प्रसंग जसेच्या तसे टिपावेत. निरीक्षणाच्या दिवशी उत्तरे पढवून ठेवणे, हुशार मुलांना पुढे बसवणे किंवा झालेलाच पाठ पुन्हा नवा म्हणून घेणे, या गोष्टी मुलांच्या साक्षीने होतात, म्हणून त्या मला सर्वांत गंभीर वाटतात. शिक्षक खोटे वागतो आणि त्यात आपल्याला सामील करून घेतो, हे मुलांना कळते.

कृती संशोधनाचेही, म्हणजे वर्गातील एखाद्या अडचणीवर उपाय करून पाहून त्याचा अहवाल लिहिण्याचेही, तसेच आहे. पूर्वचाचणीची सरासरी कमी, उत्तरचाचणीची जास्त, असे आकडे घरी बसून भरले जातात, हे दुर्दैवाने सर्वज्ञात आहे. जो विषयच संख्यांचा आहे, त्याच्या शिक्षकाने खोट्या संख्या लिहिणे मला विशेष लागते. उपाय करूनही गुण वाढले नाहीत तर तसेच लिहावे, आणि का वाढले नसतील याची दोन-तीन कारणे द्यावीत. हातच्याच्या वजाबाकीवर उपचारात्मक काम करायचे असेल तर देवळालीचे शालेय शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या स्थिरांकाचा चांगला उपयोग होतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान संख्या वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर हेच करत राहायचे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. २०१९ घेतले तर ९२१० − ०१२९ = ९०८१, मग ९६२१, मग ८३५२, आणि शेवटी ६१७४. मुले आपणहून डझनभर वजाबाक्या करतात, आणि उत्तर आले नाही तर कोठे चुकले ते स्वतःच शोधतात. अशा कामाची पाने वहीत जशी आहेत तशीच अहवालाला जोडता येतात.

शेवटच्या आठवड्यात निरोपसमारंभाची गडबड असते, त्याआधी सर्व वह्या तपासून परत कराव्यात, शाळेचे शैक्षणिक साहित्य मोजून द्यावे, आणि विषयशिक्षकांना एक पानभर टिपण लिहून द्यावे. त्यात कौतुक किंवा आभार नकोत, फक्त वर्गाची स्थिती असावी: अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी पाच मुले कोणती, दशांश अपूर्णांकांत ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे समजणारी कोणती, आणि ५०३ − २७८ सारख्या वजाबाकीत शून्याजवळ अडणाऱ्या तिघी कोण, त्यांच्याबरोबर काड्यांचे काम कोठवर आले आहे आणि सोमवारी ते कोठून पुढे न्यावे.